एका तपकिरी बटूची हवा

ज्या गोलावर मनुष्याचें पाऊल पडलेलें नाहीं, आणि पुढेंहि पडण्याचा संभव नाहीं, तेथील हवेंत कोणकोणते वायु आहेत, तेथें धूळ उडते कीं आकाश निवळ असतें, हें पृथ्वीवर बसून सांगण्याचा अधिकार ज्योतिषशास्त्राला कोणीं दिला? हा प्रश्न सुशिक्षित मनुष्याच्या मनांत एकदां तरी येतोच. त्याचें उत्तर एका वाक्यांत द्यावयाचें तर तो अधिकार प्रकाशानें दिला. परंतु न्यायासनापुढील कोणत्याहि साक्षीप्रमाणें प्रकाशाची साक्षहि उलटतपासणीवांचून ग्राह्य धरतां येत नाहीं. ही उलटतपासणी कशी होते, साक्ष कोठें फसवूं पाहते, आणि तीस वर्षांनंतरहि एखाद्या निकालाचा फेरविचार कसा करावा लागतो, हें ग्लीझ २२९ या ताऱ्याच्या सोबत्याच्या कथेंत चांगलें दिसून येतें. या कथेंतील एका प्रमुख संशोधकाचा जन्म कृष्णाकांठीं, सांगली, मिरज व कुपवाड या गांवांपासून फार तर आठदहा कोसांवर असलेल्या कुरुंदवाड येथें झाला. म्हणून या भागांतील श्रोत्यांस ती विशेष जवळची वाटावी.

प्रथम साधनाचा विचार करूं. लोलकांतून सूर्यप्रकाश जाऊं दिला म्हणजे त्याचा रंगीत पट्टा पडतो, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. या पट्ट्यांत असंख्य बारीक काळ्या रेषा असतात व त्यांच्या जागा ठरलेल्या असतात, ही गोष्ट फ्राउनहोफर या जर्मन कारागिरानें १८१४ सालीं काळजीपूर्वक नोंदून ठेविली. त्या रेषांचा अर्थ मात्र १८५९ सालीं किर्खोफ व बुन्सेन या दोघांनीं लावला. प्रत्येक मूलद्रव्याचा वायु आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश गिळतो; म्हणून पट्ट्यांतील कोणता रंग गहाळ झाला आहे हें पाहून वाटेंत कोणता वायु भेटला हें ओळखतां येतें. चोरानें काय नेलें यावरून चोर ओळखण्यासारखाच हा प्रकार आहे.

परंतु येथेंच पहिली अडचण उद्भवते. मंगळाचा प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतांना पृथ्वीच्या हवेंतूनहि येतो. मग चोरी मंगळाच्या हवेनें केली कीं आपल्या? फ्रेंच ज्योतिषी जांसेन यानें १८६७ सालीं एटना पर्वतावर चढून मंगळाचा वर्णपट पाहिला आणि तेथें पाण्याची वाफ असल्याचें जाहीर केलें. पुढें १८९४ सालीं अमेरिकेंतील लिक वेधशाळेच्या कॅम्बेल यानें मंगळ व चंद्र यांचे वर्णपट शेजारीं शेजारीं ठेवून तपासले. चंद्रावर हवा नाहीं ही गोष्ट सर्वमान्य होती. आणि दोन्ही वर्णपट तर सारखेच दिसले! याचा अर्थ, जी वाफ मंगळाची म्हणून मोजली गेली होती ती बहुतेक पृथ्वीचीच होती. हाच कॅम्बेल २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठीं महाराष्ट्रांत, सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें येऊन राहिला होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला यांनींहि आपलीं वर्णपटाचीं यंत्रें त्याच जेऊरला नेलीं होतीं. आपल्या प्रांतांत या शास्त्राची वाट अशा रीतीनें एकोणिसाव्या शतकांतच पडली होती. नेगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ सालीं पुण्याची वेधशाळा बंद झाली व तिचीं यंत्रें कोडाइकॅनॉलला गेलीं, ही खेदाची गोष्ट होय.

विसाव्या शतकांत ही विद्या पुष्कळ पुढें गेली. गुरूच्या प्रकाशांतील कांहीं रुंद काळे पट्टे कोणाचे हें बरींच वर्षें कळत नव्हतें. ते मिथेन व अमोनिया या वायूंचे आहेत असें रूपर्ट विल्ट यानें १९३२ सालीं दाखविलें. मिथेन म्हणजे दलदलींतून निघणारा, आणि आपल्या खेड्यांतील शेणाच्या गॅसमध्यें मुख्यतः असणारा तोच ज्वालाग्राही वायु. शनीचा मोठा उपग्रह टायटन याच्या भोंवतीं मिथेनयुक्त हवा असल्याचें कायपर यानें १९४४ सालीं प्रसिद्ध केलें, आणि मंगळावर कार्बन डायॉक्साइड असल्याचेंहि त्यानेंच १९४७ सालीं शोधून काढलें.

वायूप्रमाणें धुळीचीहि दखल घ्यावी लागते. १४ नोव्हेंबर १९७१ रोजीं मॅरिनर ९ हें यान मंगळाभोंवतीं फिरूं लागलें, तेव्हां तेथें अखंड गोल व्यापणारें धुळीचें वादळ चाललें होतें. छायाचित्रांत गोलाचा पृष्ठभाग दिसेना. धूळ खालीं बसेपर्यंत कित्येक आठवडे थांबावें लागलें. ती बसूं लागल्यावर प्रथम प्रचंड ज्वालामुखींचीं शिखरें वर आलीं. धूळ ही पडद्यासारखी आहे. तो पडदा कोठें आहे, किती जाड आहे, आणि मुळांत आहे कीं नाहीं, हें ठरविल्यावांचून पलीकडील वस्तूविषयीं कांहींहि निश्चित बोलतां येत नाहीं. हा धडा पुढील कथेंत पुन्हां उपयोगी पडणार आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. तारा स्वतः जळतो व ग्रह त्याच्या प्रकाशानें उजळतो, असा भेद आपण लहानपणीं शिकतों. परंतु निसर्गानें या दोहोंमध्यें भिंत घातलेली नाहीं. सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारें तेराव्या भागाहून हलका वायुगोळा आकुंचन पावला, तर त्याच्या गाभ्यांत हायड्रोजनची अखंड भट्टी पेटतच नाहीं, असें गणित भारतांत जन्मलेले शास्त्रज्ञ शिव कुमार यांनीं अमेरिकेंत केलें व १९६३ सालीं प्रसिद्ध केलें. असा गोळा जन्मतः तापलेला असतो, आणि पुढें कोट्यवधि वर्षें चुलींतून काढलेल्या निखाऱ्याप्रमाणें निवत जातो. १९७५ सालीं जिल टार्टर यांनीं त्याला तपकिरी बटु असें नांव दिलें. नांव पडलें, पण वस्तु सांपडेना. १९८० नंतरच्या दशकांत एक गोल सांपडल्याची वार्ता पसरली, परंतु पुढें इतरांनीं शोध घेतां त्या ठिकाणीं कांहींच आढळलें नाहीं. अशा एकदोन फजित्यांनंतर या विषयांतील कोणत्याहि दाव्याकडे शास्त्रज्ञ संशयानेंच पाहूं लागले होते.

अशा वेळीं हा प्रश्न ज्यांनीं हातीं घेतला, त्यांत श्रीनिवास रामचंद्र कुलकर्णी हे होते. त्यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९५६ रोजीं पटवर्धनांच्या जुन्या संस्थानचें ठिकाण असलेल्या कुरुंदवाडांत झाला. बालपण व शालेय शिक्षण हुबळी येथें झालें. लेखिका सुधा मूर्ती या त्यांच्या भगिनी. १९७८ सालीं दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंतून पदवी घेऊन ते अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठांत गेले. तेथें विद्यार्थी असतांनाच, १९८२ सालीं, डोनाल्ड बॅकर प्रभृतींबरोबर त्यांनीं सेकंदास सुमारें ६४२ वेळां स्वतःभोंवतीं फिरणारा एक स्पंदतारा शोधून काढला. १९८३ सालीं डॉक्टरेट मिळवून ते कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथील तंत्रविज्ञान संस्थेंत, म्हणजे कॅल्टेकमध्यें, गेले व तेथेंच प्राध्यापक झाले. कुरुंदवाडानें या कर्तृत्वावर फार मोठा हक्क सांगावा असें नाहीं. परंतु पंचगंगा-कृष्णेच्या संगमानजीकच्या एका लहानशा गांवांत जन्मलेलें मूल कोठवर जाऊं शकतें, याचें समाधान मानावयास हरकत नाहीं.

कुलकर्णी यांच्या मंडळींत ताडाशी नाकाजिमा, ओपनहायमर व कीथ मॅथ्यूज हे कॅल्टेकचे, तर डेव्हिड गोलिमोव्स्की व सॅम्युएल डरन्स हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे होते. त्यांची युक्ति अशी होती : अंधुक गोल एकटा शोधण्यापेक्षां, सूर्याच्या शेजारच्या ज्ञात ताऱ्यांभोंवतीं तो शोधावा. पण तेजस्वी ताऱ्याशेजारीं मंद ठिपका पाहणें म्हणजे मोटारीच्या दिव्याशेजारीं काजवा पाहणें होय. म्हणून त्यांनीं दोन उपाय एकत्र केले. पहिला, ताऱ्याच्या प्रतिमेवर एक लहान आड धरून कृत्रिम ग्रहण घडवून आणणें. दुसरा, आपल्या हवेमुळें होणारी प्रतिमेची थरथर, क्षणाक्षणाला आकार बदलणाऱ्या आरशानें शमविणें. पॅलोमार पर्वतावरील ६० इंची दुर्बिणीवर हें यंत्र बसविलें गेलें. ऑक्टोबर १९९४ मध्यें ग्लीझ २२९ या तांबड्या ताऱ्याशेजारीं एक अत्यंत मंद ठिपका उमटला.

येथें या मंडळींचा संयम पाहण्यासारखा आहे. ठिपका दिसला म्हणजे सोबती सांपडला असें होत नाहीं. मागें फार दूर असलेला एखादा सामान्य तारा योगायोगानें त्याच दिशेस असूं शकतो. ग्लीझ २२९ हा पृथ्वीपासून केवळ १९ प्रकाशवर्षांवर असल्यामुळें आकाशांत त्याची जागा वर्षागणिक किंचित् सरकते. ठिपका खरोखर सोबती असेल तर तोहि बरोबर सरकेल. परका असेल तर मागें राहील. म्हणून त्यांनीं शोध जाहीर न करतां एक वर्ष वाट पाहिली. १९९५ च्या शरदांत पाहतात तों ठिपका ताऱ्याबरोबर सरकला होता. त्याचें तेज सूर्याच्या तेजाच्या सुमारें दीड लाखाव्या भागाइतकेंच भरलें.

तरीहि, हा केवळ एक फार मंद तारा नव्हे कशावरून? त्याचा निर्णय त्याच्या हवेनें दिला. पॅलोमारच्या २०० इंची दुर्बिणीनें त्या ठिपक्याच्या अवरक्त प्रकाशाचा, म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या उष्ण प्रकाशाचा, वर्णपट घेतला गेला. त्यांत पाण्याच्या वाफेबरोबरच मिथेनचे रुंद पट्टे स्पष्ट दिसले. तो वर्णपट ताऱ्यापेक्षां गुरूच्या वर्णपटाशींच अधिक जुळत होता. याचें महत्त्व असें : उष्ण हवेंत कार्बन हा ऑक्सिजनशीं जोडलेला, कार्बन मोनॉक्साइडच्या रूपांत राहतो, मिथेन टिकत नाहीं. उष्णता हजार-बाराशें अंशांच्या खालीं उतरली म्हणजे मग कार्बन हायड्रोजनशीं जुळून मिथेन बनूं लागतो. अगदीं थंडांतला थंड खरा ताराहि याहून पुष्कळ तापलेला असतो. तेव्हां जेथें मिथेन आहे तो तारा असूंच शकत नाहीं. या गोलाची उष्णता सुमारें ६५० अंश सेंटिग्रेड भरली. त्याच वर्षीं स्पॅनिश ज्योतिष्यांनीं कृत्तिकापुंजांतील एका बटूचा शोध प्रसिद्ध केला होता. परंतु ज्याच्या वर्णपटानें शंकेला जागाच ठेविली नाहीं असा बटु ग्लीझ २२९ चा हाच होय.

ही वार्ता ऑक्टोबर १९९५ मध्यें इटालीतील फ्लॉरेन्स नगरांत भरलेल्या परिषदेंत सांगण्यांत आली. योगायोग असा कीं त्याच परिषदेंत मिशेल मायर यांनीं ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतीं ग्रह सांपडल्याचें जाहीर केलें. त्या शोधास २०१९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. ज्या ग्रहाची हवा त्या वेळीं पाहतां येत नव्हती तो ग्रह, आणि ज्या गोलाची हवा ग्रहासारखी होती तो बटु, हे दोन्ही एकाच सभेंत जगापुढें आले.

यापुढें धुळीचें प्रकरण सुरू होतें. या बटूचा जो थोडासा प्रकाश दृश्य तांबड्या रंगाच्या आसपास पडतो, तो गणितानें यावा त्याहून फारच कमी येत होता. ही तूट कोणीं केली? सांगलीच्या हळदीच्या वखारींत पोतीं हलवीत असतां दिव्याचा उजेड पिवळा दिसला, तर दोष दिव्याच्या कांचेचा कीं हवेंत उडणाऱ्या हळदीचा, हें दाराबाहेरून पाहणाऱ्यास सांगतां येणार नाहीं. तशीच ही अडचण होती. ग्रिफिथ, येल व मार्ली या तिघांनीं १९९८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, या बटूच्या वरच्या हवेंत तांबूस रंगाची अत्यंत बारीक धूळ तरंगत असावी. टायटनच्या मिथेनवर सूर्याचे जंबुपार किरण पडून जसें नारिंगी धुकें तयार होतें, तसेंच येथें शेजारच्या ताऱ्याच्या किरणांनीं घडत असावें, असा त्यांचा तर्क होता. तर्क सुंदर होता, आणि तूटहि त्यानें बरोबर भरून निघत होती.

परंतु दुसरा एक पक्ष पुढें आला. इतक्या उष्ण व दाट हवेंत सोडियम व पोटॅशियम या धातूंची वाफ असते. विरळ हवेंत त्यांच्या रेषा बारीक दिसतात. पण जेथें दाब मोठा असतो तेथें सभोंवारच्या अणूंचे धक्के बसून त्या रेषा दोहों बाजूंस पसरतात. त्या इतक्या पसरूं शकतात कीं तांबड्या प्रकाशाचा मोठा भाग एकट्या पोटॅशियमनें गिळावा. मग धुळीची गरजच काय? दोन पक्षांत निवाडा करण्यास निसर्गानेंच एक साक्षीदार दिला. १९९९ सालीं स्लोन आकाश-सर्वेक्षणांत असाच एक मिथेनधारी बटु सांपडला. पण तो एकाकी होता, जवळ कोणताहि तारा नव्हता. त्याच्या वर्णपटांतहि तीच तूट दिसली. शेजारीं तारा नाहीं तेथें ताऱ्याच्या किरणांनीं धूळ कोठून तयार होणार? २००० सालापर्यंत पोटॅशियम-सोडियमचा पक्ष बहुतेकांनीं मान्य केला. विशेष हें कीं, धुळीचा तर्क मांडणाऱ्यांपैकीं मार्ली हे स्वतः दुसरें स्पष्टीकरण देणाऱ्यांतहि होते. आपलाच पूर्वपक्ष सोडून देण्यास लागणारें धैर्य या लहानशा गोष्टींत दिसून येतें. या वाफांच्या योगानें असा बटु प्रत्यक्ष पाहतां आल्यास तपकिरी न दिसतां किरमिजी दिसेल असेंहि गणितावरून निघालें; पण नांव मात्र जुनेंच राहिलें.

धूळ सर्वथा खोटी ठरली असें मात्र नव्हे. याहून उष्ण अशा बटूंच्या हवेंत लोखंडाचे थेंब व वाळूच्या जातीचे खनिज कण गोठून त्यांचे खरोखरीचे ढग बनतात. गोल निवत गेला कीं हे ढग हळूहळू दृष्टीस पडणाऱ्या थराच्या खालीं उतरतात, आणि वरची हवा पावसाळ्यानंतरच्या आकाशासारखी निवळते. ग्लीझ २२९ चा सोबती या निवळलेल्या अवस्थेंत आहे. या भेदावरूनच १९९९ पासून बटूंचे धुळकट व मिथेनधारी असे दोन वर्ग मानले जाऊं लागले. २०२३ सालीं वेब दुर्बिणीनें व्हीएचएस १२५६ या क्रमांकाच्या जोडताऱ्याभोंवतीं फिरणाऱ्या एका गोलाच्या हवेंत वाफ, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि वाळूच्या जातीच्या कणांचे ढग हें सर्व एकाच वर्णपटांत दाखविलें. पॅलोमारवर ज्या पद्धतीनें आरंभ झाला, तिचेंच हें फळ होय.

शेवटचा पेंच वजनाचा होता. १९९५ सालीं या बटूचें वस्तुमान गुरूच्या २० ते ५० पट असावें असा अंदाज केला गेला. तो त्याच्या तेजावरून व वयाच्या कल्पनेवरून केलेला होता. प्रत्यक्ष तराजू हातीं नव्हता. पुढें उपग्रहांनीं घेतलेल्या अचूक वेधांवरून मुख्य तारा सोबत्याच्या ओढीनें किती हेलकावतो हें मोजतां आलें, तेव्हां वस्तुमान गुरूच्या सुमारें ७० पट निघालें. एवढा जड बटु इतका मंद असतां कामा नये! मग एक तर माप चुकलें, किंवा बटु कसे निवतात याविषयींचें सारें शास्त्रच चुकलें. हा दुसरा पर्याय गंभीर होता. कारण ज्या शेंकडों दूरस्थ गोलांचें वजन कोणत्याहि तराजूंत घालतां येत नाहीं, त्यांचें वजन याच शास्त्राच्या आधारें सांगितलें जातें. पाया हलला तर सर्व इमारतच हलणार होती.

याचा उलगडा १६ ऑक्टोबर २०२४ रोजीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें झाला. चिली देशांतील चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून कॅल्टेकच्या जेरी झुआन प्रभृतींनीं पाहिलें, तों तो एक बटु नसून दोन बटु निघाले. एक गुरूच्या सुमारें ३८ पट, दुसरा सुमारें ३४ पट. ते बारा दिवसांत एकमेकांभोंवतीं एक फेरा करतात, आणि त्यांमधील अंतर पृथ्वी-चंद्रांच्या अंतराच्या केवळ सोळा पट आहे. एका जड गोलापेक्षां दोन हलके गोल लवकर निवतात, म्हणून त्यांचें एकत्रित तेज कमी. माप बरोबर होतें व शास्त्रहि बरोबर होतें. चूक होती ती ‘एक’ या गृहीत धरलेल्या शब्दांत. तीस वर्षें ज्याच्यावर शेंकडों निबंध लिहिले गेले, त्याला कोणीं मोजून पाहिलें नव्हतें.

कुलकर्णी यांनीं पुढें इतर क्षेत्रांतहि मोठें कार्य केलें. आकाशांत रात्रीगणिक काय बदललें हें टिपणारें पॅलोमारचें झ्विकी सर्वेक्षण त्यांच्या पुढाकारानें उभें राहिलें, आणि २०२४ सालीं त्यांस ज्योतिषशास्त्राचें शॉ पारितोषिक मिळालें. परंतु बटूच्या कथेंत पारितोषिकापेक्षां अधिक मोलाची गोष्ट आहे ती पुराव्याविषयींची शिस्त : एक वर्ष थांबून ठिपक्याची परीक्षा घेणारी, सुंदर तर्क सोडून देणारी, आणि मान्य झालेल्या निकालालाहि पुन्हां तराजूंत घालणारी.

ज्या श्रोत्यांस त्या आकाशाकडे दृष्टि टाकावीशी वाटेल, त्यांनीं माघ महिन्यांत रात्रीं नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करावें. कुपवाडच्या कारखान्यांचे दिवे आतां रात्रभर जळतात, तेव्हां वस्तीपासून थोडें दूर माळावर गेलेलें बरें. मृग नक्षत्र माथ्याच्या थोडें दक्षिणेस असेल. त्याच्या पायांखालीं शशक आणि डावीकडे तेजस्वी व्याध. व्याधाच्या नैर्ऋत्येस, शशकाच्या पूर्व कडेला, क्षितिजापासून सुमारें ५१ अंश उंचीवर ग्लीझ २२९ आहे. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाहीं. साध्या द्विनेत्री दुर्बिणीनें मात्र तांबूस ठिपका सांपडूं शकतो. त्याचे दोन बटु कोणत्याहि घरगुती दुर्बिणींत दिसावयाचे नाहींत. त्या रात्रीं डोळ्यांत शिरणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारें १९ वर्षांपूर्वीं तेथून निघालेला असेल.